खालून दिलेलं उत्तर

१

मंगळवार, ७ जून २००५. सकाळचे साडेदहा. कोल्हापूर, राजारामपुरी, बारावी गल्ली. खालचा मजला कोचिंग क्लासला भाड्याने दिलेला, वर घरमालकाच्या तीन खोल्या, त्यांवर उतरतं छप्पर. पाऊस नव्हता. वाराही नव्हता.

त्या वेळी घरमालक अण्णासो गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर उभे होते आणि छपराचं काम करणारा जोतीराम त्यांच्या शेजारी बशीतून चहा ओढत होता. गाडेवाल्याने दोघांना पाहिलं, क्लासच्या पोरांनी पाहिलं. म्हणजे छपरावर कुणी नव्हतं. एवढं आधीच पक्कं करून ठेवलेलं बरं, कारण पुढे ज्याने त्याने हीच गोष्ट आपल्या सोयीने हलवून बघितली.

चहापेक्षा भांडणच जास्त चाललं होतं. अण्णासोंनी बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं ठेकेदारांची वाळू चाळून पाहिलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरावर कौलं नकोत, सिमेंटचे पत्रे नकोत, म्हणून शिंगल घातले. शिंगल म्हणजे डांबरात मुरवलेल्या जाड पट्ट्या. वरून बारीक खडीचा थर, आणि कौलांसारख्याच एकीवर एक चढवून खिळ्यांनी प्लायवूडवर ठोकलेल्या. गल्लीत असं छप्पर दुसरं नव्हतं. लोक मान वर करून बघत.

"वीस वर्षांची गॅरंटी," अण्णासो म्हणाले, "अन् दोन पावसाळ्यांत टक्कल पडतंय छपराला?"

"माझ्यावर का खेकसालाय? माल मी विकलाय व्हय?"

"खिळे तू ठोकलास की."

"खिळा एक हाललेला दाखवा, मिशी काढतो." जोतीराम पेठ वडगावचा. बाप कौलं शाकारायचा, हाही तेच करत मोठा झाला आणि काळ बदलला तसा शिंगलवर आला. "वरची खडी गेलीय अण्णा. अन् ती पावसानं गेलेली न्हाई."

"मग?"

"चालून गेलीय."

अण्णासो हसले. "कोण चालतंय? तुझा आजा?"

"माझा आजा कौलावरनं चालायचा. त्याला असल्या खडीच्या छपराची सवय न्हवती," जोतीराम म्हणाला आणि बशी उलटी करून ठेवली.

२

दोघे घरी परतले तेव्हा पुढच्या खोलीत अण्णासोंची मुलगी संघप्रिया पलंगावर पडल्या पडल्या हसत होती. नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मागच्या वर्षीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगाबाहेर फार फिरू नको, जिन्याचं तर नावच काढू नको, असं बजावलं होतं. त्या घरात सध्या सगळं काही त्या पोटाभोवती फिरत होतं. रेडिओसुद्धा हळू आवाजात लागायचा.

"जोतीरामकाका, भारी हो तुमचं," ती म्हणाली. "बरोबर माझ्या डोक्यावर आलात. सापडली का गळती?"

तिच्या उशाशी जळमटं काढायची लांब काठी टेकवलेली होती.

इथे छपराच्या कामाची एक रीत सांगायला हवी. पाणी आत एका ठिकाणी ठिबकतं, पण वर चढलेल्या माणसाला ती जागा कळत नाही. म्हणून घरातलं कुणीतरी खालून काठीने ठोकतं. वरचा माणूस अंदाजाने उत्तराला ठोकतो. खालचा परत ठोकतो, वरचा सरकत सरकत येतो, आणि दोन्ही ठोके एका जागी आले की वर खडूची फुली मारतात. कौलांच्या काळापासून हेच चालत आलंय. कोल्हापुरात जन्मलेल्या कुठल्याही बाईला छपरावर ठोका ऐकू आला तर तिचा हात आपोआप काठीकडे जातो.

"मी कवा ठोकलं?" जोतीराम म्हणाला.

"आत्ता की! आधी त्या तिकडं, ट्रंकांच्या कोपऱ्यात. तीन वेळा. मला उठून तिकडं जाता येईना, मग मी इथनंच ठोकलं. तुम्ही थोडं अलीकडं आलात. मी परत ठोकलं. मी ठोकत गेले, तुम्ही येत गेलात." तिने पलंगाच्या थेट वर बोट केलं. "मग इथं थांबलात."

अण्णासो मागच्या गच्चीत गेले. छपरावर चढायला तेवढी एकच वाट. शिडी आडवी घातलेली होती, जोतीराम चहाला जाताना स्वतः घालून गेला होता तशीच. त्या शिडीच्या पायरीवरच त्यांची बायको अंजना परात घेऊन गहू निवडत बसली होती.

"कोण गेलतं वर?"

"मी उठल्याबिगर कोण जातंय?" अंजना म्हणाली. "अन् मी कुठं उठलेय? कंबर धरलीय नुसती."

३

मग अण्णासो स्वतः चढले. बासष्टीचा माणूस, पण चपला काढून, धोतराचा सोगा खोचून चढले, कारण खात्यात असताना ते ठेकेदाराच्या शब्दावर कधी बिल पास करत नसत.

टक्कल पडलं होतं, यात शंका नव्हती. पण ते पसरलेलं नव्हतं. वळचणीपासून वर जाणारे तळहाताएवढे काळे डाग होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. खडी पार जाऊन खालचं डांबर चकाकत होतं. डाग ट्रंकांच्या कोपऱ्यावर येऊन संपत होते आणि तिथे, एकाच ठिकाणी, पाच डाग होते. दोन मोठे गोल. त्यांच्या पुढे दोन लांबट. आणि त्या दोघांच्या मधोमध एक लहान. पलंगाच्या वरची खडी मात्र अजून शाबूत होती.

"माकडं," अण्णासो म्हणाले.

"राजारामपुरीत?"

"मग उन्हानं. डांबर वितळतंय. एक लॉट खराब निघाला असणार. मी बघितलंय असलं रस्त्यावर."

जोतीराम त्या डागांपाशी गेला, आणि मोजमाप घ्यावं तसे त्याने दोन्ही गुडघे दोन गोल डागांवर टेकले. बरोबर बसले. मग पुढे वाकून दोन्ही हात त्या लांबट डागांवर टेकले. तेही बसले. तशा अवस्थेत त्याचं डोकं आपोआप खाली आलं, आणि त्याचा उजवा कान त्या पाचव्या, लहान डागावर जाऊन टेकला.

तो क्षणभर तसाच राहिला. मग घाईने उठला, इतक्या घाईने की अण्णासोंनी त्याचा दंड धरला नसता तर घसरलाच असता.

"काय झालं?"

"काय न्हाई," जोतीराम म्हणाला. "तुमच्या पोरीचा आवाज येतोय खालनं. लई साफ येतोय. आईला म्हणालीय, पाणी दे."

दुपारपर्यंत त्याने झिजलेले आणि तिथून पलंगापर्यंतचे सगळे शिंगल काढून उरलेल्या गठ्ठ्यातले नवे बसवले. जुने काढताना खालचं प्लायवूडही दिसलं. डागांखाली ते देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत झालं होतं. वरची पट्टी शाबूत आणि तिच्या खालचं लाकूड झिजलेलं. हे कसं, असं अण्णासोंनी विचारलं. जोतीरामने खिळे तोंडात धरले होते. त्याने पुढचा खिळा ठोकायला घेतला. मजुरी घेतानाही तो पुढच्या खोलीत आला नाही, गच्चीतूनच गेला.

४

अण्णासोंनी पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावला. त्याने तीन दिवस उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला आणि न बघताच निकाल दिला. छतावर माणसांची वर्दळ दिसते, अशा झिजेला गॅरंटी लागू होत नाही.

"वर्दळ?" अण्णासो फोनमध्ये ओरडले. "माझ्या छतावर वर्दळ? मग त्या माणसांची नावं सांगा! मी जबाब घेतो त्यांचे!"

पलीकडून फोन ठेवला गेला. अण्णासोंना त्या रागाचा खरं तर आधार होता. चिडायला समोर एक हरामखोर विक्रेता असला की बाकीच्या गोष्टींकडे बघावं लागत नाही.

बाकीच्या गोष्टींकडे शेजारच्या चिमणाबाईचं बरोबर लक्ष होतं. ती आपल्या गच्चीतून अंजनाशी बोलत असे. एकदा आवाज खाली आणून म्हणाली, "पोटुशी बाई हाय घरात. एक नारळ उतरून टाक की तिच्यावरनं. कुणाला कळतंय?"

"आमच्या घरात असलं चालत न्हाई चिमणाबाई," अण्णासो आतून म्हणाले. "माझ्या बापानं छप्पन साली देव्हारा रिकामा केला, तो असल्या नारळासाठी न्हाई."

"ऱ्हायलं. तुमचा बाप तुमच्यापाशी, माझा नारळ माझ्यापाशी," चिमणाबाई म्हणाली, आणि तरी जाताना एकदा छपराकडे बघून गेली.

मग पाऊस धरला. आठ दिवस संततधार. छप्पर कुठेही गळलं नाही, आणि अण्णासो सगळ्यांना ते ऐकवत होते. ठोक्यांबद्दल संघप्रिया काही बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

एका सकाळी ते तिला चहा द्यायला गेले, तर ती छताकडे बघत होती. काठी उशाशी नव्हती.

"काठी कुठं गेली गं?"

"मीच आईला उचलायला सांगितली. मी आता उत्तर देत न्हाई, पप्पा."

कप त्यांच्या हातातच राहिला. "म्हणजे अजून येतोय आवाज?"

"दुपारचा येतो. तुम्ही झोपता तेव्हा. तीन वेळा." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, दूधवाला कधी येतो ते सांगावं तसं. "पाऊस लागला की लाकूड फुगतं, त्याचा असेल. तुम्हीच म्हणाला होता. मी गप्प पडून ऐकते."

"मग बरं."

"बरं न्हाई ओ," ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "मी गप्पच असते. पण वर तीन ठोके वाजले की हे आत तीनदा हलतं. मोजून. मग वर परत वाजतं."

५

त्या दिवशी दुपारी पावसाने तासभर उघडीप दिली, तेवढ्यात अण्णासो चढले. नव्या शिंगलवरून. आठ दिवसांत त्या ओल्या उतारावर मांजरसुद्धा गेलं नसतं.

ट्रंकांच्या कोपऱ्यापासून पलंगाच्या डोक्यापर्यंत डागांची रांग गेली होती. काळी, चकचकीत, पावलापावलाने. आणि पलंगाच्या बरोबर वर पाच डाग होते. लहान डाग या खेपेला जास्त खोल होता. तिथे डांबरही गेलं होतं, नुसतं लाकूड दिसत होतं.

पन्हळीत बारीक खडी साठली होती. अण्णासोंनी मूठभर हातात घेतली. ती नवी होती, अजून रंग गेला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात कारणं जुळवून पाहिली. ऊन नव्हतं. माकडं नव्हती. खराब लॉट म्हणावं तर बाजूच्याच, त्याच गठ्ठ्यातल्या पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या. सगळं आयुष्य भेग दिसली की तिचं कारण लिहिण्यात गेलेला माणूस. त्याला इथे लिहायला एक ओळ सुचेना.

खाली येऊन त्यांनी इचलकरंजीला जावयाला फोन केला. प्रसेनजीत तिथे एका यंत्रमागाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मागांच्या खडखडाटात त्याला आधी काही ऐकूच येईना.

"मामा, काय झालं? कळा सुरू झाल्या?"

"न्हाई. पण तिला इथनं हलवायचंय. आजच. दवाखान्यात ठेवू."

"डॉक्टरीणबाई जिना नको म्हणाल्यात न्हवं?"

"खुर्चीवर बसवून उतरवू. पावणं, कारण विचारू नका. जीप घेऊन या."

प्रसेनजीतने खरंच विचारलं नाही. सासऱ्याने आजवर त्याला कारणाशिवाय काही सांगितलेलं नव्हतं, तेच त्याला पुरलं.

चार वाजता जीप आली तेव्हा पाऊस पुन्हा जोरात सुरू झाला होता. क्लासची दोन दांडगी पोरं, प्रसेनजीत आणि जीपचा ड्रायव्हर अशा चौघांनी खुर्ची उचलली. अंजना डोक्यावर छत्री धरून मागोमाग, "हळू रं, हळू, पाट्या वाहताय व्हय," म्हणत. संघप्रिया एका हाताने खुर्ची आणि एका हाताने पोट धरून बसली होती. जिन्याच्या वळणावर ती म्हणाली, "आत्ता वाजलं."

अण्णासो मागे राहिले होते, खिडक्या लावायला. ते पलंगाच्या वर बघत उभे राहिले. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते गल्लीतून न जाता मधल्या बुटक्या भिंतीवरून चिमणाबाईच्या गच्चीत उतरले. तिथून त्यांचं छप्पर समोर दिसतं.

चिमणाबाई आधीच तिथे उभी होती, डोक्यावर पोतं घेऊन. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पाऊस इतका होता की छपरावर पाण्याचा धूर उठत होता. सगळे शिंगल ओले, काळे. आणि पलंगाच्या वर, त्या काळ्या ओल्या उतारावर, पाच ठिकाणं कोरडी होती. नुसती पाच ठिकाणं नव्हे. त्यांच्या मधला पट्टाही फिकट होता, आडोसा मिळालेल्या जमिनीसारखा. तिथे पाऊस पोहोचत नव्हता. वर काहीही नव्हतं. पाणी सरळ खाली येत होतं आणि तिथे छपरापर्यंत येत नव्हतं.

खाली जीपचं दार लागलं. इंजिन सुरू झालं.

आधी लहान डाग ओला झाला. मग दोन गोल डाग एकदमच ओले झाले, कुणी गुडघे उचलावेत तसे. हातांचे डाग थोडा वेळ कोरडे राहिले. मग तेही गेले. सगळं छप्पर सारखं ओलं झालं आणि जीप गल्लीच्या तोंडाशी वळली.

"कुठं गेलं?" अण्णासोंनी विचारलं. आपण 'काय' न विचारता 'कुठं' विचारलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"मला काय इचारताय," चिमणाबाई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तुमच्यात चालत न्हाई न्हवं असलं."

६

संघप्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंत झाली. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते, तरी काही अडचण आली नाही. मुलगी झाली. रडली, अंगावर प्यायली. प्रसेनजीतने दवाखान्याच्या दारात पेढे वाटले. अण्णासो बाकावर बसून पहिल्यांदाच ढसाढसा रडले आणि मग रडण्याबद्दल नर्सशी भांडले.

दवाखान्यातून मायलेकींना राजारामपुरीत आणलंच नाही. थेट इचलकरंजीला नेलं, प्रसेनजीतच्या स्लॅबच्या घरात. अंजना बाळंतिणीचं करायला सोबत गेली. अण्णासो घराला कुलूप लावून मागोमाग गेले. बांधकामाच्या माणसाला शोभेल असं त्यांनी जावयाचं छतही वर जाऊन बघितलं. काही नव्हतं. त्यांनी विक्रेत्याला पुन्हा फोन केले, ग्राहक मंचात तक्रार दिली, पाहणीला माणूस पाठवा म्हणून खडसावलं. माणूस येणार येणार म्हणेपर्यंत जुलैअखेर पुराचं पाणी शहरात शिरलं आणि कुणाच्या छपराकडे बघायला कुणालाच सवड उरली नाही. जोतीरामला निरोप धाडले. तो आला नाही. त्याने शिंगलचं काम सोडलं, एवढंच कळलं.

पण हे सगळं नंतरचं. बाळाला इचलकरंजीत पहिली अंघोळ घातली तो दिवस वेगळा सांगायला हवा. बाळ तेव्हा सात दिवसांचं होतं.

अंजना पाटावर पाय लांब करून बसली होती. पायांवर बाळ पालथं घातलेलं, वाटीत कोमट खोबरेल. तिने आजवर किती पोरांना अशी अंघोळ घातली असेल त्याला गणती नाही. पाठ चोळून झाली, मांड्या चोळल्या, आणि तिचा हात थांबला. तिने बाळाला उताणं केलं. हात पुसला, पुन्हा बोट फिरवलं. मग नवऱ्याला हाक मारली.

"बघा इकडं. उजेडाला या."

अण्णासोंनी चष्मा लावला. बाळाच्या दोन्ही गुडघ्यांवर पिवळसर, जाड, खरबरीत कातडी होती. अंजनाने मुठी उलगडून दाखवल्या. दोन्ही तळहातांवर तसंच. सगळ्यांत शेवटी तिने बाळाचं डोकं अलगद वळवलं. उजव्या कानाची वरची कड चपटी होती आणि तिच्यावरची कातडीही तशीच टणक झालेली.

"घट्टे हायत हे," अंजना म्हणाली. "फरशा पुसणाऱ्या बाईच्या गुडघ्याला पडतात, तसले. वर्षानुवर्षं टेकून."

इचलकरंजीच्या डॉक्टरांनी पाहिलं. कोल्हापूरच्या दोन बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं. एकाने मलम दिलं, एक म्हणाला जाईल आपोआप, आणि तिसऱ्याने तळहात दाबून बघत आपल्याच तंद्रीत विचारलं, "रांगायला लागून किती दिवस झाले?" मग समोर कोण आहे ते बघून त्याने वाक्य सोडून दिलं. जन्मल्यापासून ज्या मुलीला एकदाही जमिनीवर ठेवलेलं नव्हतं, तिला ते घट्टे पडले कशाने, हे त्या तिघांपैकी एकानेही आजवर सांगितलेलं नाही.